कोकणातल्या रंगवलेल्या भिंती: पावसाने पुसण्याआधी फोटो कसा काढायचा

कोकणात भिंतीवरच्या चित्राचं आयुष्य पावसाळ्यांवर मोजायचं. शाळेच्या कंपाउंडवरची वारली, एसटी स्टँडमागच्या भिंतीवरचं कासव, जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कुणी रात्रीत स्प्रेने काढलेली भलीमोठी सुरमई. पहिल्या मे महिन्यात ही चित्रं झळझळीत असतात. एक पाऊस गेला की खालची हातभर पट्टी हिरवी-काळी पडते, दुसऱ्यानंतर पापुद्रे सुटू लागतात. मग एक दिवस कुणीतरी त्यावर पांढरा हात मारून मोकळं होतं. ज्याने ते काढलं त्याच्याकडेही बहुतेक वेळा मोबाइलवरचा एखादा तिरका फोटोच असतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंद म्हणून उपयोगी पडेल असा फोटो, म्हणजे समोरून, सरळ, खऱ्या रंगात आणि पूर्ण भिंत. तो नीट मिळाल्याची खात्री झाली की मग छान दिसणारा. पुष्कळ जण उलट करतात. सायकलवरून जाणारी मुलं, संध्याकाळचा उजेड, वाकडा कोन, सगळं टिपतात, आणि घरी आल्यावर कळतं की चित्राचा डावा कोपरा एकाही फोटोत नाही.

कधी जायचं

दिवाळी ते शिमगा हा सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, आणि शाळा-नगरपरिषदांची रंगकामंही पाऊस सरल्यावरच निघतात. त्यामुळे ताजी चित्रं याच दिवसांत सापडतात. दुसरी खेप मे महिन्याच्या शेवटी मारायची, पाऊस लागण्याआधी. तिसरी गणपती झाल्यावर, पावसाने काय केलं ते बघायला.

दिवसातली वेळ मात्र भिंतीचं तोंड कुठे आहे त्यावर ठरते. समुद्राकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळभर सावली असते. सावलीतला हा उजेड सपाट, एकसारखा असतो, नोंदीच्या फोटोला उत्तम. दुपारनंतर तिच्यावर थेट ऊन येतं आणि सूर्यास्ताच्या तासाभरात सगळं केशरी होतं. ते देखणं दिसतं, पण निळ्याचा करडा आणि पांढऱ्याचा पिवळा होतो, तेव्हा तो उजेड दुसऱ्या प्रकारच्या फोटोसाठी राखून ठेवा. पूर्वेकडची भिंत नेमकी उलटी वागते: तिला दुपारनंतर गाठायचं.

दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर हिवाळाभर ऊन असतं. उत्तरेकडच्या भिंतीवर सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन पडतच नाही, म्हणून तिथे घाई नाही, दिवसभरात केव्हाही जा. रत्नागिरीच्या आसपास मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा लांब सावली टाकतो आणि पन्हळीच्या पत्र्याची सावली चित्रावर दात्यांसारखी उतरते. तेव्हा अकरा ते तीन कॅमेरा बाहेर काढू नये. आपल्याकडे सूर्याची मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, ती साडेबाराच्या आसपास होते, हेही हिशोबात धरा.

माडाची सावली हा कोकणातला खास त्रास. झावळीच्या सावलीने चित्रावर पट्टे पडतात आणि वाऱ्याने ते हलत राहतात. एडिटिंगमध्ये ते निघत नाहीत. ढग सूर्यावर यायची वाट बघणं हा एकच उपाय, कधी तो दोन मिनिटांत येतो, कधी वीस.

पावसात ढगाळ उजेड सुरेख असतो, पण भिंत ओली असते. ओला रंग गडद दिसतो आणि भिंत ठिगळाठिगळांनी वाळते. तेव्हा एक तर सर्वत्र सारखी भिजलेली असताना काढा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. अर्धी वाळलेली भिंत म्हणजे वाया गेलेला फोटो.

समुद्राच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर किंवा जेटीच्या भिंतीवर चित्र असेल तर मागे जायला पुळण (किनाऱ्यावरची वाळू) मोकळी लागते, म्हणजे ओहोटी लागते. मच्छीमारांचा जुना हिशोब इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे जाते. गावागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा भरती-ओहोटीचा तक्ता बघून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त आत येतं, पण ओहोटीला तितकंच लांब जातं. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सकाळी सहा-सातच्या सुमाराला पुळण भरपूर रुंद असते, आणि बंधाऱ्याचं तोंड पश्चिमेला असल्याने सावलीतला सपाट उजेडही त्याच वेळी मिळतो.

कुठे उभं राहायचं

निम्मं काम इथेच होतं. अंतर अंदाजाने ठरवू नका. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स असेल तर भिंतीच्या रुंदीच्या १.४ पट मागे जावं लागतं. ३५ मिमीला जवळपास रुंदीइतकंच. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २६ मिमीच्या तोडीचा असतो, त्याला पाऊणपट पुरतं, आणि दोन पट झूम लावला तर दीडपट. म्हणजे १० मीटर रुंद चित्रासाठी अनुक्रमे १४, १०, साडेसात आणि १५ मीटर. पाऊल ७० सेंमीचं धरलं तर १४ मीटर म्हणजे २० पावलं. मोबाइलवर जागा असेल तोवर दोन पट झूमच वापरा. अर्ध्या पटीचा वाइड कॅमेरा या कामाला अजिबात नको, तो कडेची माणसं, मासे, अक्षरं सगळं ताणून टाकतो.

आता मध्य शोधा. भिंत पावलांनी मोजा, निम्म्यावर खडूची खूण करा, तिथून सरळ मागे चाला. कॅमेऱ्यातली ग्रिड चालू करा आणि चित्राच्या दोन्ही कडा बघा. डावी कड उजवीपेक्षा उंच दिसत असेल तर तुम्ही डावीकडे सरकलेले आहात: उजवीकडे जा. जी कड ठेंगणी दिसते तिच्याकडे सरकायचं, एवढंच लक्षात ठेवा.

कॅमेरा सरळ आहे की नाही हे रस्त्याकडे बघून ठरवू नका. आपल्या गावांतले रस्ते चढ-उताराचे, त्यांच्यावर विसंबलात तर चित्र कलंडतं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) भिंतीवर गिलावा नसेल, किंवा पातळ असेल, तर रंगाखालूनही चिऱ्यांच्या थरांच्या आडव्या रेघा दिसतात. गवंड्याने ओळंबा आणि दोरी लावून बांधलेल्या त्या रेघा म्हणजे तुमच्यासाठी तयार मोजपट्टी. ग्रिडची आडवी रेघ एखाद्या थरावर बसवा. मधला थर बसला आणि वरचा-खालचा दोन्ही तिला समांतर दिसले, तर तुम्ही काटकोनात उभे आहात.

उंच चित्राला मान वर करून फोटो काढला की वरचा भाग निमुळता होतो. खरा उपाय म्हणजे कॅमेरा चित्राच्या मध्यावर नेणं. चार मीटरचं चित्र अर्ध्या मीटरच्या जोत्यावर असेल तर मध्य येतो अडीच मीटरवर. मोनोपॉड (एकपायी स्टँड) डोक्यावर उंच धरून, टायमर दहा सेकंदांवर लावून तिथे पोचता येतं. समोरच्या घराचा जिना किंवा गच्ची मिळाली तर आणखी बरं. काहीच नसेल तर कॅमेरा अजिबात वर न कलवता आणखी मागे जा आणि खाली अर्धा रस्ता येऊ द्या. तो नंतर कापता येतो. वाकडा फोटो सॉफ्टवेअरने सरळ होतो हे खरं, पण त्यात वरचा भाग ताणला जातो आणि तिथला तपशील विरळ होतो.

समोर स्कूटर, मासळीची टोपली, वाळत घातलेलं जाळं असेल तर विनंती करून बघा, पण माणसाच्या कामाच्या वस्तू आपण होऊन हलवू नका. जाळं तर मुळीच नाही.

रंग खरा यावा म्हणून

ट्रायपॉडशिवाय दिवसा ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते २००, शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद. फाइल रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात घ्या, मोबाइलवर तशी सोय असेल तर तिथेही.

चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवरचं चित्र कॅमेरा नेहमी काळपट करतो, कारण त्याला सगळं करडं करायची सवय. अशा भिंतीला एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) +०.७ ते +१ स्टॉप द्या, एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. काळ्या पार्श्वभूमीला किंवा शेवाळलेल्या भिंतीला −०.७. फ्लुरोसंट गुलाबी आणि केशरी स्प्रे रंगांना वेगळी काळजी लागते. त्यांचा लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगाची नोंद मर्यादेबाहेर जाते, आणि पाकळ्यांच्या जागी एक सपाट धब्बा उरतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तीन रंगांचा वेगवेगळा बघा, लाल उजव्या कडेला टेकला असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, ऑटोवर सोडू नका. कोकणात उजेडालाच रंग असतो. माडा-पोफळीखाली तो हिरवट, निळ्या ताडपत्रीखाली निळा, आणि जांभ्या मातीच्या अंगणासमोरच्या भिंतीचा खालचा अर्धा भाग तांबूस, कारण ऊन मातीवर आपटून वर येतं. रत्नागिरीतच मांडवीच्या काळ्या वाळूसमोरची भिंत आणि 'पांढरा समुद्र' या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याकडची भिंत एकाच वेळी टिपली तरी दुसरीकडे खालून जास्त उजेड चढतो. उपाय एकच: ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक करड्या रंगाचं कार्ड. पहिल्या फोटोत ते भिंतीला टेकवून धरा, नंतर काढून घ्या, घरी त्याच्यावरून रंग जुळवा. झेरॉक्सचा कागद त्याच्या जागी चालत नाही. त्यात उजळपणासाठी घातलेलं रसायन उन्हात निळसर चमकतं आणि सगळा फोटो पिवळा पडतो.

डिस्टेंपर आणि चुना चमकत नाहीत. ऑइल पेंट चमकतो, त्यात मागचं आभाळ दिसतं. इथे लोक पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावतात आणि समोरून काढताना काहीच फरक पडत नाही म्हणून वैतागतात. पोलरायझर काम करतो ते तिरक्या कोनात, लंबापासून साधारण ५५ अंशांवर. नाकासमोरच्या चमकीवर त्याचा उपयोग नाही, उलट दीड-दोन स्टॉप उजेड फुकट जातो. चमकीवर इलाज म्हणजे भिंत सावलीत असताना जाणं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर ऑइल पेंटवर मधोमध पांढरा गोळा उमटवतो, तो बंदच ठेवा.

लांब कंपाउंड

शाळेचं ३० मीटरचं कंपाउंड एका जागी उभं राहून, कॅमेरा फिरवत पॅनोरामा काढलात तर ते केळ्यासारखं वाकतं. भिंत सरळ हवी तर तुम्ही चालायला हवं. भिंतीपासून पाच मीटरवर रस्त्यात खडूने समांतर रेघ मारा. ३५ मिमी लेन्सने तिथून ५ मीटरहून थोडी जास्त रुंदी येते. दर ३ मीटरला एक फोटो घेतला तर शेजारच्या दोन फोटोंत चाळीसेक टक्के भाग सामाईक राहतो, आणि दहा फोटोंत भिंत पूर्ण होते. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स पहिल्या फोटोला लॉक करा, नाहीतर प्रत्येक तुकड्याचं आभाळ वेगळ्या रंगाचं येईल.

जोडायला ह्युजिन हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात कॅमेरा सरकला आहे हे सांगणारी मोझेइकची पद्धत निवडायची. भिंतीपुढे माड किंवा विजेचा खांब असेल तर जोडताना तो दोनदा उमटतो किंवा अर्धाच राहतो. अशा ठिकाणी एक फोटो खांबाच्या डावीकडून, एक उजवीकडून जास्तीचा घ्या आणि मास्क लावून (नको तो भाग झाकून) खांबामागचं चित्र भरून काढा. वाहतूक असते तिथे हे काम सकाळी सातच्या आत उरका. रेघेवर नजर ठेवून आडवं चालणाऱ्या माणसाला मागून येणारी रिक्षा दिसत नाही, सोबत एक जण हवाच.

जवळून

पूर्ण भिंत झाली की जवळ जा. स्प्रेच्या कडेची धूळ, स्टेन्सिलच्या काठाखाली झिरपलेला रंग, ब्रशचे केस अडकलेला फटकारा यांवरून काम कसं झालं ते कळतं. हे टिपायला मात्र तिरकं ऊन हवं, म्हणजे नोंदीच्या फोटोच्या नेमकं उलट.

जोत्यापासून हातभर उंचीवर बघा. तिथे रंगाला फोड आलेले दिसतात, नखाने टोकरलं की आतून पांढरी भुकटी सुटते. हा लोणा. जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल शोषून वर चढवतो, पाणी उडून गेलं की क्षार रंगाखाली साठतात आणि रंगाला ढकलून बाहेर काढतात. ऑइल पेंट ओलीला बाहेर पडू देत नाही, म्हणून तो आधी फुगतो. चुना श्वास घेतो, म्हणून तो हळूहळू झिजतो, पण पापुद्र्यांनी सुटत नाही. टोकरू नका, फक्त फोटो घ्या, आणि शेजारी १५ सेंमीची पट्टी धरा म्हणजे फोड किती मोठा ते पुढच्या वर्षी ताडता येईल.

कोपऱ्यातली चित्रकाराची सही वेगळी टिपा. बऱ्याच ठिकाणी सहीखाली मोबाइल नंबरही असतो. तो तुमच्या नोंदीत राहू द्या, पण फोटो ऑनलाइन टाकण्याआधी चित्रकाराला विचारा. कुणाला त्यातून कामं मिळतात, कुणाला ते नको असतं.

होड्यांवरची रंगीत नावं आणि नक्षी हाही याच कामाचा भाग आहे. १ जूनपासून मासेमारीबंदीत होड्या वर ओढून झापांनी, ताडपत्रीने झाकतात, तेव्हा काही दिसत नाही. झाकण निघून नव्या हंगामासाठी रंग लागतो तेव्हा जा. होडीची बाजू बाहेर झुकलेली असते, म्हणून गुडघ्यावर बसून कॅमेरा तेवढाच वर कलवा आणि लांब लेन्स वापरा.

खारी हवा

किनाऱ्यावर अर्धा तास काढला की लेन्सवर खाऱ्या तुषारांचा पातळ थर बसतो आणि फोटो धुरकट येतात. तो कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात जेमतेम ओलं केलेलं मऊ फडकं, शेवटी कोरडं.

बुरशी त्याहून वाईट. पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवली तर गणपतीपर्यंत आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. रबराच्या झाकणाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि साधं आर्द्रतामापक, एवढ्यावर काम भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडं करता येतं. एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा उघडला की काचेवर दव धरतं. बंद पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या.

विचारणं आणि कायदा

घराच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) चित्र असेल तर आधी हाक मारा. "काका, ह्या चित्राचो फोटो काढू काय?" एवढं सिंधुदुर्गात पुरतं. बहुतेक वेळा काका स्वतःच स्कूटर हलवतात आणि चित्र कुणी काढलं तेही सांगतात. कोस्ट गार्ड, नौदल किंवा बंदराची सुरक्षित हद्द मागे येत असेल तर तिथे कॅमेरा काढायचा नाही.

फोटो विकणार किंवा जाहिरातीला देणार असाल तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा आणि इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करायला सूट आहे. रंगवलेल्या चित्राचं नाव त्या सवलतीत नाही, आणि चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत व नंतर ६० वर्षं राहतो. भिंत रस्त्यावर आहे म्हणून चित्र सगळ्यांचं होत नाही.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा या किल्ल्यांच्या तटावर कोरलेली नावं-बदाम मात्र या कामात घेऊ नका. तो १९५८ च्या स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि असा फोटो फिरला की दुसरा कुणी खिळा घेऊन जातो. दिसलं तर तिथल्या पहारेकऱ्याला सांगा.

घरी आल्यावर

सरळ करताना स्नॅपसीड किंवा तत्सम ॲपमधलं पर्स्पेक्टिव्ह वापरा, पण नंतर प्रमाण तपासा. भिंतीची लांबी-उंची टेपने मोजलेली असली तर सोपं. नसेल तर एका चिऱ्याची लांबी-उंची मोजून आणा आणि फोटोतला तोच चिरा त्या प्रमाणात दिसतो का बघा. रंग भडक करायचा मोह आवरा, ग्रे कार्डवर जुळवलं की थांबा.

फाइलच्या नावात गाव, भिंतीची ओळख आणि तारीख असू द्या: मालवण_शाळाकंपाउंड_२०२५०५२४. सोबतच्या वहीत चार गोष्टी लिहा: भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला, तुम्ही किती पावलांवर आणि कशासमोर उभे होता, लेन्स किती मिमीची, चित्रकार कोण. उभं राहायची जागा न हलणाऱ्या वस्तूवरून लिहा, जसं "विहिरीच्या कठड्यापासून सहा पावलं, तुळशीवृंदावन डाव्या हाताला". रस्त्यावरची खडूची खूण पहिल्या सरीत जाते, विहीर राहते. सप्टेंबरच्या खेपेला हीच वही घेऊन निघा आणि त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच वेळी पुन्हा एक फोटो घ्या.